दहावीचे जीवशास्त्र : घरी काय पाठवावे, तासाला काय राखावे

फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे धडा मुलांनी घरी पाहून किंवा वाचून यायचा आणि तास कृतींना व शंकांना द्यायचा, अशी पद्धत. तिच्याविषयी शिक्षक प्रशिक्षणांमध्ये जे काही सांगितले जाते, त्यातला बहुतेक वेळ व्हिडिओ कसा करावा, तो कोणत्या ॲपवर चढवावा आणि त्याची लिंक पालकांच्या ग्रुपवर कशी टाकावी यांतच खर्ची पडतो. मोकळ्या झालेल्या तासाचे काय करायचे, हा प्रश्न अगदी शेवटी निघतो आणि 'गटचर्चा घ्यावी' एवढ्यावर मिटतो. मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवताना, विशेषतः दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' मधले जीवशास्त्राचे पाठ घेताना, मी ही पद्धत काही वर्षांपासून वापरते आहे. तेवढ्या अनुभवावर माझे मत असे झाले आहे की घरी व्हिडिओ गेला की पुस्तकाची चार पाने गेली याला फारसे महत्त्व नाही. पद्धतीचे यश तासात काय घडते यावर ठरते, आणि जीवशास्त्रापुरते बोलायचे तर कोणती गोष्ट घरी जाऊ शकते आणि कोणती जाऊ नये, हे ओळखण्यावर ठरते.

या पद्धतीचा उगम पाहिला तरी हेच दिसते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपली व्याख्याने जवळजवळ थांबवली. विद्यार्थ्यांनी धडा आधी वाचून यायचे, आणि वर्गात एकेका प्रश्नावर शेजाऱ्याशी वाद घालायचा, अशी त्यांची रीत होती. त्या रीतीत व्हिडिओ नव्हताच. पुढे २००७ च्या सुमारास अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क या गावच्या हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करू लागले. त्यांच्यापुढची अडचण अगदी साधी होती : खेळांचे सामने आणि लांबचा प्रवास यांमुळे मुलांचे तास बुडत असत, आणि बुडालेला भाग पुन्हा पुन्हा शिकवावा लागत असे. गैरहजर मुलांसाठी केलेले ते पाठ हजर मुलेही पाहू लागली, तेव्हा सर्वांनीच पाठ घरी पाहून यावे आणि तास प्रयोगांना व शंकांना द्यावा, असे त्यांनी ठरवले. 'फ्लिप' हे नाव जगभर झाले ते यानंतर, आणि नावाबरोबर व्हिडिओही कायमचा चिकटला.

जीवशास्त्राच्या शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ब्रिगम यंग विद्यापीठात जेमी जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवशास्त्राच्याच एका प्रास्ताविक अभ्यासक्रमात दोन गटांची तुलना केली. एका गटाने आशय घरी शिकून वर्गात त्याचे उपयोजन केले. दुसऱ्या गटाने तोच आशय वर्गात कृतींमधून शिकून उपयोजन घरी केले. दोन्ही गटांना स्वतः विचार करायला लावणारे अध्यापन मिळाले होते, आणि दोन्ही गटांच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नाही. घर आणि वर्ग यांची अदलाबदल केल्याने आपोआप काही साधत नाही, असा त्याचा अर्थ मी घेते. उलट, विद्यार्थ्यांना वर्गात कामाला लावणे आणि नुसते व्याख्यान देणे यांतला फरक मात्र मोठा आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पदवी स्तरावरच्या विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचे प्रमाण ३३.८ टक्के, तर कृतिशील वर्गांत २१.८ टक्के निघाले. हे आकडे महाविद्यालयीन मुलांचे आहेत आणि ते दहावीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरे. तरीही दिशा स्पष्ट आहे. आमचा तास जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांचा, वर्गात साठ मुले, आणि प्रयोगशाळेची पाळी आठवड्यातून एकदा. अशा परिस्थितीत कृतीला वेळ काढायचा तर काहीतरी तासाबाहेर ढकलावेच लागते, आणि फ्लिपचा उपयोग मला तेवढ्यापुरता होतो.

मग ढकलायचे काय? जीवशास्त्रात नावे फार आहेत. पेशीची अंगके, उत्सर्जन संस्थेचे भाग, फुलाचे अवयव, वर्गीकरणातले संघ, या सगळ्यांची ओळख करून देताना तासामागून तास संपतात, आणि त्या ओळखीसाठी शिक्षकाची गरज सर्वांत कमी असते. आकृती पाहून नावे द्यावीत, पुस्तक मिटून पुन्हा काढावी, चुकलेले लाल पेनाने दुरुस्त करावे, हे काम मुले घरी एकटी करू शकतात, आणि ज्याला एकदा पाहून कळत नाही त्याला चारदा पाहण्याची मुभाही घरीच असते. याच्या उलट, एखादी प्रक्रिया का घडते, एक पायरी चुकली तर काय होईल, दोन सारख्या वाटणाऱ्या गोष्टींत फरक कुठे आहे, हे मी सहसा घरी पाठवत नाही. सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, चार अवस्थांची नावे आणि चित्रे घरी जातात. पण गुणसूत्रांची (आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या धाग्यांची) संख्या सूत्री विभाजनात तीच राहते आणि अर्धगुणसूत्री विभाजनात निम्मी होते ती कशासाठी, हा प्रश्न वर्गातच सुटला पाहिजे, कारण त्यावर मुले जे गैरसमज घेऊन येतात ते व्हिडिओला ऐकू येत नाहीत.

घरी पाठवण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे, जिचा उल्लेख मी प्रशिक्षणांत कधी ऐकला नाही. जीवशास्त्रातल्या पुष्कळ घडामोडी संथ असतात आणि त्या शाळेच्या तासात बसूच शकत नाहीत. मटकीला मोड येणे, पावाच्या ओल्या तुकड्यावर बुरशी धरणे, इडलीचे पीठ फुगणे, कांद्याला मुळे फुटणे, या सगळ्याला एका रात्रीपासून चार-पाच दिवसांपर्यंत वेळ लागतो, आणि हा वेळ घरात अनायासे उपलब्ध असतो. त्यामुळे माझ्या 'घरच्या पाठा'त बरेचदा पाहण्यासारखे काही नसते. करून ठेवण्यासारखे असते. इडलीच्या पिठाचे दोन वाटे करून एक फ्रीजमध्ये आणि एक ओट्यावर ठेवा, सकाळी दोन्हींची पातळी मोजा, वास घ्या आणि लिहा, एवढीच सूचना असते. ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांनी एक वाटा शेगडीजवळ आणि एक माठाशेजारी ठेवला तरी फरक दिसू शकतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठाला मुले ही निरीक्षणे घेऊन येतात, आणि मग मला किण्वनाची (आंबण्याच्या क्रियेची) व्याख्या फळ्यावर लिहून सुरुवात करावी लागत नाही.

कांद्याच्या मुळांविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तासाला काय राखावे याचे माझ्याजवळचे ते सर्वांत चांगले उदाहरण आहे. मुले घरी काचेच्या ग्लासाच्या तोंडावर कांदा असा बसवतात की त्याची बुडाची चकती जेमतेम पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत पांढरी मुळे लोंबू लागतात. मुळे सकाळी कापून त्यांची टोके अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवायची हे काम मी शाळेत करून घेते. त्याच आठवड्यात घरी सूत्री विभाजनाच्या अवस्थांचा अभ्यास झालेला असतो : पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, प्रत्येकीचे चित्र आणि प्रत्येकीत गुणसूत्रे कुठे असतात त्याची एक ओळ. प्रयोगशाळेत मुळाचे टोक सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायचे, ॲसिटोकार्मिन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या द्रावणाचा थेंब घालून काचपट्टी हलकेच गरम करायची, वर आच्छादक काच ठेवायची आणि टिपकागदावरून अंगठ्याने सरळ दाबायचे. दाबताना अंगठा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि सारी मेहनत वाया जाते. त्यामुळे पहिल्या काही काचपट्ट्या बिघडणार हे धरूनच मुळे जास्त आणायला सांगावी लागतात.

सूक्ष्मदर्शीखाली पाहिल्यावर बहुतेक मुलांची पहिली प्रतिक्रिया निराशेची असते. पुस्तकात आणि व्हिडिओत चारही अवस्था सारख्या आकाराच्या चौकटींत शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. इथे मात्र बहुसंख्य पेशींत नुसते गोल केंद्रक दिसते, आणि पूर्ण क्षेत्र धुंडाळल्यावर कुठे एखादी पेशी मध्यावस्थेत सापडते. 'बाई, आमची पट्टी चुकली' असे म्हणत गट येतात. या क्षणासाठीच तास मोकळा ठेवलेला असतो. मी गटांना पेशी मोजायला सांगते : विभाजन न होणाऱ्या किती, पूर्वावस्थेतल्या किती, बाकीच्या किती. आकडे फळ्यावर येतात आणि सर्व गटांत एकच चित्र दिसू लागते. मग प्रश्न असा की आपण सगळ्या पेशी एकाच क्षणी थांबवल्या आहेत, तर त्यांतल्या इतक्या जास्त पेशी विभाजन न होण्याच्या अवस्थेत का सापडाव्यात? एसटी स्थानकाचा एखाद्या क्षणी फोटो काढला आणि त्यात बहुतेक गाड्या उभ्याच दिसल्या, तर गाडी स्थानकात आल्यावर कोणत्या गोष्टीत जास्त वेळ घालवते, एवढी सूचना पुरते. पेशीच्या आयुष्यातला बहुतेक काळ दोन विभाजनांच्या मध्ये जातो आणि प्रत्यक्ष विभाजन त्या मानाने थोडक्यात उरकते, हा निष्कर्ष मुले स्वतः काढतात. पाठ्यपुस्तकात अवस्थांची चित्रे आहेत, पण स्थिर चित्रावरून कालावधीचा अंदाज बांधण्याची ही युक्ती मुलांना काचपट्टीशिवाय सुचणे अवघड आहे. अवस्था शिकवण्यातच तास संपला असता, तर मोजायला वेळ उरला नसता.

नववीला मेंडेल शिकवताना याच तत्त्वावर नाण्यांचा तास घेते. एकसंकराचे (एकाच गुणाच्या संकराचे) चौकटीतले गणित घरी होते, कारण ते यांत्रिक आहे : दोन्ही जनकांचे युग्मक (प्रजननपेशी) वर आणि बाजूला लिहायचे, चार घरे भरायची, तीनास एक हे गुणोत्तर काढायचे. अडचण अशी की हे गणित बरोबर सोडवणारा मुलगाही 'तीनास एक' म्हणजे चार झाडे लावली की तीन उंच आणि एक बुटके येणारच, असे मानत असतो. वर्गात प्रत्येक जोडीला दोन नाणी मिळतात. एक नाणे एका जनकाचे, दुसरे दुसऱ्याचे. छापा म्हणजे उंचीचा प्रभावी घटक, काटा म्हणजे अप्रभावी. दोन्ही काटे पडले तरच झाड बुटके. वीस वेळा उडवायचे आणि बुटकी मोजायची. अपेक्षा पाचाची असते, पण एखाद्या जोडीला एकच मिळते, एखादीला नऊ मिळतात, आणि नऊवाल्यांना आपण काहीतरी चुकीचे केले असे वाटू लागते. मग फळ्यावर सर्व जोड्यांच्या बेरजा होतात. पहिल्या पाच जोड्यांची बेरीज, पहिल्या दहांची, मग साऱ्या वर्गाची. आणि गुणोत्तर हळूहळू तिनाच्या आसपास स्थिरावताना मुले पाहतात.

त्यानंतरच मी मेंडेलचे खरे आकडे दाखवते. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात वाटाण्याच्या गोल बिया ५,४७४ आणि सुरकुतलेल्या १,८५० आहेत, म्हणजे २.९६ ला १. पिवळ्या ६,०२२ आणि हिरव्या २,००१. उंच-बुटक्या झाडांत ७८७ ला २७७, म्हणजे २.८४ ला १. झाडे मोजली तेव्हा आकडा तिनापासून जास्त दूर आणि हजारो बिया मोजल्या तेव्हा जवळ, हे मुलांना आता सांगावे लागत नाही, कारण त्यांच्या फळ्यावर थोड्या वेळापूर्वी तेच घडलेले असते. एका मठातल्या बागेत बसून माणसाने इतक्या बिया का मोजल्या असतील, असे विचारले तर उत्तर वर्गातून येते.

नाणी बाजूला ठेवण्यापूर्वी एक प्रश्न नेहमी टाकते. नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण दोष मुलांना देऊ शकणारे लोक, बरेच आढळतात. समजा आई आणि वडील दोघेही वाहक आहेत आणि त्यांचे पहिले मूल आजारी जन्मले, तर पुढच्या तीन मुलांचे काय? 'एक झाले, आता तीन निरोगी होतील' हे उत्तर दरवर्षी मोठ्या संख्येने येते, आणि ते देणाऱ्यांत चौकटीचे गणित बिनचूक सोडवलेली मुलेही असतात. आधीच्या फेकीत काय पडले याची नाण्याला आठवण नसते, हे ज्याने नुकतेच वीस फेकींत अनुभवले आहे, तो शेजाऱ्याला समजावू शकतो. प्रत्येक गर्भधारणेत शक्यता पुन्हा चारात एक, हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिले असते तर मुलांनी ते पाठ केले असते आणि घरच्या प्रश्नाला तरीही जुनेच उत्तर दिले असते.

असे प्रश्न घेण्याची माझी रीत माझूर यांच्याकडून उचललेली आहे. प्रश्नाला चार पर्याय, सर्वांनी न बोलता छातीशी बोटे धरून पर्याय दाखवायचा, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही आणि मला दिसते. बरोबर उत्तरे साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असतील तर शेजाऱ्याशी बोलायला दोन-तीन मिनिटे आणि मग पुन्हा मतदान. त्याहून जास्त असतील तर पुढे जायचे, फारच कमी असतील तर थांबून शिकवायचे. पेशीय श्वसनाच्या पाठाला माझा आवडता प्रश्न वजनाचा आहे : एखाद्या माणसाने व्यायाम करून दहा किलो चरबी घटवली, तर ती चरबी गेली कुठे? घाम, उष्णता, शौच आणि श्वास असे पर्याय ठेवते. क्रेब चक्र (पेशीत अन्नापासून ऊर्जा मिळवण्यातला एक टप्पा) घरी वाचून आलेला वर्ग घामाला आणि उष्णतेला भरभरून मते देतो. २०१४ मध्ये रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे गणित मांडले होते : दहा किलो चरबीचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो आणि १.६ किलोचे पाणी होते. त्यांनी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनाही हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांच्यातही चुकणारेच अधिक निघाले, हे ऐकून वर्गाला फार बरे वाटते. पण महत्त्वाचे असे की या प्रश्नानंतर श्वसनाच्या समीकरणाची उजवी बाजू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, मुलांच्या दृष्टीने जिवंत होते. उत्क्रांतीच्या पाठात जिराफाची मान हाच प्रश्न घेता येतो. डार्विन आणि लामार्क दोघेही घरी वाचून आलेली मुले मतदानात बिनदिक्कत लामार्कच्या बाजूने जातात, म्हणजे मान ताणून ताणून लांब झाली आणि तशीच पिल्लांना मिळाली असे मानतात.

आता घरच्या बाजूविषयी, जिच्यावर इतरत्र सर्वाधिक बोलले जाते. माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत एक चांगला फोन आहे आणि तो दिवसभर वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या खिशात असतो. रात्री नऊनंतर तो मुलांच्या हाती येतो आणि त्यातही दोन भावंडे वाटेकरी असतात. म्हणून व्हिडिओ हा मी नेहमी दुसरा पर्याय ठेवते. पहिला पर्याय पाठ्यपुस्तकाची दोन-तीन पाने आणि त्यांबरोबर फळ्यावरून उतरवून घेतलेले चार मार्गदर्शक प्रश्न. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत आणि 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर बऱ्याच पाठांचे साहित्य मिळते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट स्वतः चित्रित करण्याचा अट्टहास मला अनाठायी वाटतो. स्वतः व्हिडिओ करते तो फक्त आकृती काढून दाखवायची असेल तेव्हा; पुस्तकांच्या थप्पीवर टेकवलेला फोन, खाली कागद आणि हात. तो सहा मिनिटांपलीकडे जाऊ देत नाही. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील लक्षावधी व्हिडिओ-सत्रांचा २०१४ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा लोकांचे लक्ष साधारण तेवढाच वेळ टिकते असे दिसले होते, आणि ती प्रौढ, स्वेच्छेने शिकणारी माणसे होती.

घरी काही केले की नाही हे पाहण्यासाठी चाचणी घेत नाही. वहीच्या डाव्या पानावर एक आकृती आणि एक प्रश्न, एवढे आणायचे. 'समजले नाही' हा प्रश्न धरला जात नाही. काय समजले नाही ते लिहावे लागते. प्रार्थनेनंतर दहा-पंधरा वह्या चाळल्या की तासाची सुरुवात कुठून करायची ते कळते. 'वृक्कातून सगळे पाणी गाळले जाते तर लघवी एवढीशीच का होते?' असा प्रश्न एका वहीत असला की त्या दिवसाचा निम्मा तास तयारच असतो.

जी मुले काहीच न करता येतात त्यांच्यासाठी सर्व वर्गाला पुन्हा शिकवण्याचा मोह टाळावा लागतो. एकदा तसे केले की आठवडाभरात तयारी करून येणाऱ्यांची संख्या घसरते, कारण बाई सांगतातच हे सर्वांना कळते. अशी मुले मागच्या दोन बाकांवर पुस्तक उघडून पहिली दहा मिनिटे ती पाने वाचतात आणि मग गटात येतात. शेतीच्या हंगामात, विशेषतः सोयाबीनची काढणी आणि ऊसतोड सुरू असताना, हे बाक भरतात. तेव्हा काही दिवस सरळ जुन्या पद्धतीने शिकवणे मला अधिक योग्य वाटते.

पालकांची एक तक्रार ठरलेली असते : बाई शिकवत नाहीत, मुलांनाच वाचायला लावतात. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण कधी कधी मुलांनाही तसेच वाटत असते. हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कृतिशील वर्गातल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले, पण चाचणीत त्यांनाच जास्त गुण मिळाले. सुरेख व्याख्यान ऐकणाऱ्यांचा समज नेमका याच्या विरुद्ध होता. डोक्याला ताण पडला की आपल्याला येत नाही असे वाटू लागते. हे मी सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना सांगते आणि पालकसभेत सांगताना एक प्रश्न पालकांनाच मतदानाला टाकते. चरबीचा प्रश्न त्यासाठी उत्तम चालतो.

बोर्डाचा विचार करूनही सगळे पाठ उलटे करण्यात अर्थ नाही. विज्ञान भाग २ चे चाळीस गुण, त्यांत आकृत्या, फरक स्पष्ट करा, कारणे द्या असे ठरावीक साचे, आणि प्रात्यक्षिकाचे वीस गुण वेगळे. सामाजिक आरोग्य किंवा आपत्ती व्यवस्थापन यांसारखे पाठ वाचून आणि थोड्या गप्पांत होतात. त्यांसाठी एवढा खटाटोप नको. आनुवंशिकता, पेशी, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीव हे पाठ मात्र त्या कष्टांचे चीज करतात.

आणि एक पाठ असा आहे जो आमच्या शाळांनी फ्लिप हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून उलटा करून ठेवला आहे. 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' मध्ये मानवी पुनरुत्पादन येते, आणि 'हा भाग घरी वाचून घ्या' असे सांगून पुढे सरकण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या फ्लिपमध्ये घरचा अर्धा भाग तेवढा आहे, तासाचा भाग गायब आहे. ज्या पाठाला बोलण्याची सर्वाधिक गरज, तोच मुलांनी एकट्याने, दार लोटून, निम्मे न कळता वाचायचा. वडिलांच्या फोनवर या पाठाचा व्हिडिओ पाठवणे आमच्या गावात शक्य नाही आणि मी तो पाठवतही नाही. पुस्तकातली पाने घरी वाचायची, आणि प्रश्न वहीत न लिहिता नाव न घातलेल्या चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायचे. मुलांनी आणि मुलींनी सर्वांनीच चिठ्ठी टाकायची, कोरी असली तरी चालेल, म्हणजे कोणी लिहिले ते ओळखू येत नाही. आदल्या दिवशी त्या वाचून मी क्रम लावते. मासिक पाळीत देवघरात का जाऊ देत नाहीत, पाळी लांबली की आजार असतो का, जुळी कशी होतात, आवाज फुटतो तो पुन्हा नीट होतो का, असे प्रश्न असतात, आणि मुलगा होण्यासाठी आईने काय खावे हा प्रश्न जवळजवळ दरवर्षी असतो.

त्या शेवटच्या प्रश्नासाठी नाणी पुन्हा बाहेर निघतात. लिंग ठरवणारी गुणसूत्रे एक्स आणि वाय ही; आईच्या नाण्यावर दोन्ही बाजूंना कागद चिकटवून एक्स लिहायचे, वडिलांच्या नाण्यावर एका बाजूला एक्स आणि दुसऱ्या बाजूला वाय. वीसदा उडवल्यावर मुलगा की मुलगी हे कोणत्या नाण्यावर ठरले, हे विचारावेही लागत नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, ही माहिती त्याच तासाला देते. त्या दिवशीचे घरचे काम मात्र मी उलट दिशेने ठेवते : वर्गात काढलेली एक्स-वायची चौकट घरातल्या एका मोठ्या माणसाला समजावून सांगायची आणि ते काय म्हणाले ते एका ओळीत लिहून आणायचे. बऱ्याच जणांना घरी हा विषय काढता येत नाही, आणि त्यांच्या वह्या कोऱ्या येतात. त्याबद्दल मी कोणाला काही बोलत नाही; तासाच्या सुरुवातीला ती चौकट त्यांनी शेजारच्याला समजावून सांगायची आणि शेजाऱ्याने आडवे प्रश्न विचारायचे, असे ठरलेले आहे.